गॅरेजातले पाच शुक्रवार

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, याबद्दल आमच्या नेदर क्लॉफ्टन गावात दोन पक्ष आहेत. निवृत्त झालेल्या पुरुषांचा पक्ष म्हणतो, काहीही करू नये. त्यांच्या बायकांचा पक्ष म्हणतो, काहीही करावं, पण घराबाहेर करावं. मी चौतीस वर्षं काउंटीच्या ड्रेनेज खात्यात काढली. तीन तालुक्यांतलं सांडपाणी माझ्या सहीशिवाय वळण घेत नव्हतं. अशा माणसाला एकदम घरी बसवलं तर त्याचं लक्ष स्वयंपाकघराकडे जाणारच. तिसऱ्या आठवड्यात मी जिलियनच्या ओट्याखालचे सगळे खण कामाच्या ओघानुसार लावून दिले. आधी सुऱ्या, मग पळ्या, मग गाळण्या. त्यानंतर दोन दिवस तिला अंडी फेटायचं यंत्र सापडलं नाही. ती काही बोलली नाही. आमच्याकडे बोलत नाहीत.

पण चौथ्या आठवड्यात माझा वाढदिवस आला आणि तिने माझ्यापुढे एक भलंमोठं खोकं ठेवलं. आत झाकणाची बादली, रबरी नळी, थर्मामीटर, माल्टचे दोन डबे, हॉपच्या फुलांची पाकिटं आणि यीस्टची पुडी. वर लिहिलं होतं, 'घरच्या घरी बिअर, चाळीस पाइंट'.

"ट्रेव्हर, हे सगळं गॅरेजात करायचं," जिलियन म्हणाली. वाढदिवसाच्या शुभेच्छा तिने त्यानंतर दिल्या.

आता माझ्या गॅरेजाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. गावात बाकीची गॅरेजं आहेत, पण ती नुसती गॅरेजं आहेत. माझ्या गॅरेजात जमिनीला हलकासा उतार आहे, उताराच्या तळाशी लोखंडी जाळी आहे, जाळीखाली नळ आहे, आणि नळ बाहेर अंगणात एका बंद टाकीत जातो. टाकीला झाकण, आत मोजपट्टी. ही सगळी रचना मी स्वतः केली. गाडी मी बाहेर धुतो, त्यामुळे अकरा वर्षांत त्या टाकीत थेंब पडला नव्हता. लोक विचारत, मग टाकी कशाला? असले प्रश्न ड्रेनेजमधला माणूस मनावर घेत नाही.

तर मी कामाला लागलो, आणि लगेच कळलं की खोक्यावर लिहिणाऱ्याने इंग्लंडचा एप्रिल पाहिलेला नाही. यीस्टला वीस अंश ऊब लागते. माझ्या गॅरेजात सात होती. घरात वीस अंशांची एकच जागा, जिन्यावरचं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, जिथे जिलियन टॉवेल वाळवते. बादली तिथे गेली. टॉवेल खुर्च्यांवर आले. तिसऱ्या दिवशी बादली 'ग्लुक' करायला लागली. पाचव्या दिवशी जिलियनची बहीण राहायला आली, अंघोळ करून खाली उतरली आणि म्हणाली, "जिल, तुमच्या टॉवेलांना काय छान... पावाचा वास येतो." ती चार दिवस राहणार होती. दुसऱ्या दिवशी तिला एकदम घरच्या मांजराची आठवण आली आणि ती निघाली.

शेजारचा लेनर्ड स्पिंक रोज येऊन सल्ला देऊन जाई. तो चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवत होता, आणि त्याच्या भुवया अजून पूर्ण आलेल्या नाहीत.

"ट्रेव्हर, सगळा खेळ स्वच्छतेचा आहे. एक जंतू शिरला, की संपलं."

"मी सगळं उकळून घेतलंय."

"नळी?"

"नळी पण."

"हात?"

"हात कसे उकळू, लेनर्ड?"

"तेच म्हणतोय मी. जंतू तिथूनच शिरतात," असं म्हणून तो बादलीवर वाकला, खोल श्वास घेतला, आणि बादलीतच शिंकला. मी ती गोष्ट मनातल्या मनात ठेवली. पुढे जे झालं त्याला मी बराच काळ त्या शिंकेला जबाबदार धरलं, आणि अजूनही ते पूर्णपणे सोडलेलं नाही.

तीन आठवडे बाटल्यांत मुरल्यावर मी पहिला ग्लास ओतला. रंग उत्तम होता. फेसही होता, जरा जास्तच. तो आधी वर आला आणि मग माझ्या बाहीवर आला. चव मात्र... पावसात राहिलेलं गोणपाट कोणी चघळलंय का? मीही नाही. पण त्या क्षणी मला ते चघळल्यासारखं वाटलं, आणि मागून थोडा लोखंडी नाण्याचा स्वाद आला. मी ग्लास खाली ठेवला आणि जिलियनला म्हणालो, "अजून मुरायला हवी." चौतीस वर्षांत मी एकाही कामाला फसलेलं म्हटलं नव्हतं. 'अजून मुरायला हवं' हेच म्हणत आलो होतो.

मग मी तिथेच थांबायला हवं होतं. पण आधीच मी गावभर सांगून बसलो होतो, आणि मेच्या मध्यावर एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला सात मित्रांना गॅरेजात बोलावलं. लेनर्ड आला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा बेसिल आला, आणि 'गँडर'मध्ये दर शुक्रवारी आमच्यासोबत बसणारे बाकीचे पाचही आले. 'द ओल्ड गँडर' हा आमचा पब. गावात दुकान बंद झालं, पोस्ट बंद झालं, बस आठवड्यातून दोनदा येते. गँडर तेवढा उरलाय. शुक्रवारी संध्याकाळी तिथे ग्लेनिस गरम मांसाची पाई करते, आणि आम्ही आठजण खिडकीजवळच्या टेबलावर बसतो. म्हणजे, बसायचो.

लेनर्डने पहिला घोट घेतला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने डोळे मिटले, गिळलं, आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग आहे, ट्रेव्हर."

आता हा शब्द मी स्वतः चौतीस वर्षं वापरलाय. कोणी तरुण इंजिनियर गटारं चढावर नेण्याचा आराखडा घेऊन आला, की मी म्हणायचो, इंटरेस्टिंग आहे. तो आराखडा पुन्हा कोणी पाहायचं नाही. पण हाच शब्द आपल्या बिअरला लागला की माणसाला त्याचा अर्थ आठवत नाही. मी खूष झालो आणि सगळ्यांचे ग्लास भरले. बेसिल म्हणाला, "अशी कधी प्यालो नव्हतो." हेही मी मनापासून घेतलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. साडेनऊ वाजले तरी कोणी उठेना. पबमध्ये कसं असतं, आळीपाळीने एकेकाने उठून सगळ्यांसाठी ग्लास आणायचे, सगळ्यांची पाळी झाली की हिशेब मिटला, आणि शेवटी मालकीण घंटा वाजवते: शेवटची ऑर्डर सांगा आणि घरी जा. घंटा झाली की कोणालाही उठता येतं, कोणाचा अपमान होत नाही. माझ्या गॅरेजात ना पाळी होती ना घंटा. पाहुण्यांना वाटत होतं, यजमानाने सुचवल्याशिवाय कसं उठायचं? मला वाटत होतं, पाहुण्यांना उठा कसं सांगायचं? आठ जण घडीच्या खुर्च्यांवर अंगात कोट घालून बसलेले. उन्हाळा लागला होता, म्हणून कोट पातळ होते. मला वाटलं, काय रमलेत!

"पुढच्या शुक्रवारी?" मी विचारलं.

सातही जण एका सुरात म्हणाले, "अर्थात!"

असे शुक्रवार होत गेले. पहिली मुरत असतानाच मी आणखी दोन बादल्या लावल्या होत्या. प्रत्येकाला दोन पाइंट, म्हणजे दोन मोठे ग्लास, आठ जण, म्हणजे शुक्रवारी सोळा पाइंट. एक थेंब उरत नसे. मी कोपऱ्यात बाटल्या उघडायला वळलो की मागे रिकाम्या ग्लासांची रांग. माणसं किती चटकन पितात याचं मला कौतुक वाटायचं. जिलियनला मी आकडे सांगायचो. ती विणता विणता म्हणायची, "असं का?" आणि विणत राहायची.

तिसऱ्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी ग्लेनिस दारात उभी राहिली. ग्लेनिस म्हणजे गँडरची मालकीण, म्हणजे चालवणारी. इमारत शहरातल्या एका कंपनीची आहे, बिअरही त्याच कंपनीकडून घ्यायची असा करार. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ती एकटी चालवते. साठीची बाई आहे, भरलेलं पिंप एकटी तळघरात उतरवते. तिला दारात उभी राहून हातातला रुमाल पिळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"ट्रेव्हर, गुलाब छान आलेत यंदा."

"हो ना, जिलियनचा हात चांगला आहे."

"पाऊस पण बेताचाच झाला."

"बेताचाच."

"कंपनीचा माणूस येणार आहे. ट्रिस्टन म्हणून. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, सातपर्यंत. शुक्रवार बघायला येतोय, कारण आमचा शुक्रवार... म्हणजे असायचा." ती थांबली. "रिकामा दिसला तर सुट्टीत भाड्याने द्यायची दोन घरं करणार म्हणाले. वर एक, खाली एक. तुम्ही शुक्रवारी तर... तुमचं असेलच काहीतरी."

"हो, गॅरेज असतं," मी म्हणालो.

"हो, ते असतंच," ती म्हणाली, गुलाबांकडे पुन्हा एकदा बघितलं, आणि गेली.

मी आत येऊन जिलियनला म्हणालो, "बिचारी मदत मागायला आली होती."

"मग?"

"तोंडाने बोलवेना तिला. तिला माझी बिअर हवी आहे."

जिलियनचे दोन टाके सुटले. ती म्हणाली, "ट्रेव्हर, मला नाही वाटत तसं." पण मी तोपर्यंत दूरध्वनीकडे गेलो होतो. मला स्वच्छ दिसत होतं. गँडर ओस पडलाय, कारण लोकांना चांगली बिअर माझ्याकडे मिळते. मग माझी बिअर गँडरला गेली, की गिऱ्हाईकं तिच्या मागे जातील. पाणी उताराने जातं. मला गँडर बुडायला नको होता. माझा बाप त्याच खिडकीजवळ बसायचा, आणि जिलियनशी मी पहिल्यांदा बोललो ते त्याच बारपाशी; म्हणजे 'माफ करा' म्हणालो, कारण तिच्या पायावर उभा होतो.

करखात्याचा फोन सत्तेचाळीस मिनिटांनी लागला. तोपर्यंत त्यांनी मला एकच व्हायोलिन ऐकवलं. पलीकडे एक शांत आवाजाचा माणूस होता.

"घरी प्यायला आणि मित्रांना द्यायला करता का, साहेब?"

"सध्या तसंच."

"मग कर नाही, नोंद नाही. हवी तेवढी करा."

"मला पबला द्यायची आहे."

"अरेरे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखर सहानुभूती होती. "मग तुम्ही ब्रुअरी झालात. अर्ज पाठवतो. अल्कोहोलचं प्रमाण किती?"

"बदलतं."

"कशावर?"

"बाटलीवर."

थोडा वेळ पुन्हा व्हायोलिन वाजलं.

अर्ज एकोणीस पानी होता. आयुष्यभर लोकांना अर्ज भरायला लावणाऱ्या माणसाला अर्ज भरताना काय होतं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की 'ब्रुअरीच्या प्रवेशद्वाराचा नकाशा जोडा' याखाली मी वर-खाली होणाऱ्या दाराचं चित्र काढलं आणि गवत कापायचं यंत्रही दाखवलं. वार्षिक उत्पादन हेक्टोलिटरमध्ये, म्हणजे शंभर-शंभर लिटरांत, हवं होतं. लेनर्डने गुणाकार करून दिला. त्या आकड्यानुसार मी संबंध काउंटीला बिअर पुरवणार होतो. नंतर त्याला शून्य चुकल्याचं आठवलं, पण तोवर पाकीट टपालात पडलं होतं.

मग काउन्सिलचा वेगळा अर्ज, खाद्यपदार्थ बनवण्याच्या जागेचा. त्यातला चौदावा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा होता: 'वाया जाणाऱ्या द्रवाचं प्रमाण व त्याची विल्हेवाट.' मी ठळक अक्षरात लिहिलं: 'शून्य. सर्व माल प्राशन होतो.' ते वाक्य मी जिलियनला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती चहा करायला उठून गेली.

दरम्यान मी गँडरमध्ये जाऊन ग्लेनिसला बातमी दिली. मंगळवारची दुपार होती, बारमध्ये ती आणि घड्याळ. "काळजी सोडा," मी म्हणालो. "परवाना आला की माझी बिअर तुमच्या नळाला. आणि त्या ट्रिस्टनला मी शुक्रवारी स्वतः माझ्या बिअरचा एक जग भरून घेऊन येतो. चव बघू दे."

ग्लेनिसने बारची कड घट्ट धरली. "किती... विचार केलात तुम्ही," ती म्हणाली. "पण कंपनीचा करार आहे ना, ट्रेव्हर. बाहेरची बिअर चालत नाही."

"एकदा चाखली की करार बदलतील."

"हो," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काहीतरी नक्कीच बदलेल."

महिन्याचा शेवटचा शुक्रवार उजाडला. मी जग धुऊन पुसून ठेवला होता, त्यावर 'क्लॉफ्टन गोल्ड' असं लेबलही चिकटवलं होतं. दुपारी तीनला काउन्सिलच्या मिसेस अडेयेमी तपासणीला आल्या. हातात पाटी, पायात रबरी बूट. मला बाई पाहताक्षणी आवडल्या. रबरी बूट घालून येणारी तपासनीस म्हणजे आमच्या जातीची. मी त्यांना उतार दाखवला, जाळी दाखवली. त्यांनी मान डोलावली. एवढ्या वर्षांत त्या जाळीकडे आदराने बघणारी ही पहिलीच व्यक्ती.

"चौदाव्या प्रश्नात तुम्ही शून्य लिहिलंय, मिस्टर बिकरस्टाफ."

"शून्यच आहे."

"जाळीला फेस आहे," त्या म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. होता.

"टाकी कुठेय?"

आम्ही अंगणात गेलो. मी झाकणाखाली पहार घातली आणि झाकण उचललं. मग आम्ही दोघंही एक पाऊल मागे सरलो. चौतीस वर्षांत मी काय काय उघडलंय ते सांगायला ही जागा नव्हे, पण असा वास आला नव्हता. ओलं गोणपाट आणि लोखंडी नाणं. मी तो वास ओळखला. आपलं मूल आपण ओळखतोच.

हात आपोआप मोजपट्टीकडे गेला. सवय आहे. पट्टी वाचली, पुसली, पुन्हा वाचली. पंचेचाळीस लिटर आणि वर थोडं. ऐंशी पाइंट म्हणजे पंचेचाळीस लिटर आणि वर थोडं. पाच शुक्रवार, सोळा पाइंट, ऐंशी. मी जेवढी ओतली तेवढीच्या तेवढी टाकीत होती. माझ्या नोकरीत असा हिशेब कधी जुळला नव्हता. कुठेतरी गळती असायचीच. इथे गळती शून्य.

मी झाकणाशेजारी गवतावर बसलो. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. लेनर्ड, माझा तीस वर्षांचा शेजारी! बेसिल, ज्याच्या ऑर्गनची मी दर रविवारी स्तुती करतो! माझ्या पाठीमागे, माझ्याच उतारावर, माझ्याच जाळीत!

"कदाचित त्यांना घाई असेल," मिसेस अडेयेमी म्हणाल्या. फार सभ्य बाई. मग विषय बदलावा म्हणून त्या म्हणाल्या, "येताना कोपऱ्यावर एक सुंदर पब बघितला. गँडर. कधी बंद झाला हो?"

"बंद नाही. उघडाच आहे."

"हो का? मला बंद वाटला," त्या म्हणाल्या आणि पाटीवर काहीतरी लिहून निघून गेल्या.

त्या गेल्यावर मी तसाच बसून राहिलो. ऐंशीपैकी ऐंशी. आणि मग, इथवर मी तुमच्यापासून लपवलेली गोष्ट मला स्वतःपासूनही लपवता येईना. त्या ऐंशीत माझे दहा होते. दर शुक्रवारी, सगळे बेसिलचं काही ऐकायला वळले, की मीही माझा ग्लास जाळीत रिकामा करत होतो. मला वाटायचं, मित्र एवढ्या चवीने पितात, त्यांच्यादेखत ओतणं बरं दिसत नाही. म्हणजे पाच शुक्रवार आठ मोठी माणसं एका गॅरेजात बसून, दुसऱ्यांची पाठ वळण्याची वाट बघत होती. आणि त्या वेळात कोपऱ्यावर एक बाई मांसाच्या पाई करून, रिकामं टेबल पुसून, घड्याळाकडे बघत होती.

जिलियन चहा घेऊन आली. तिने टाकीत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"खिडकीतून दिसतं रे," ती म्हणाली. "मी सांगणार होते. पण तू एवढा खूष होतास. आणि खण पण आवरायचा थांबला होतास."

"तिला माझी बिअर नको होती ना? ग्लेनिसला?"

"नाही, ट्रेव्हर. तिला तिचं टेबल परत हवं होतं."

मी चहा प्यालो. तुम्हाला खोटं वाटेल, पण अपमानाच्या खालून हळूहळू हायसं वाटायला लागलं. आता ती चव पुन्हा घ्यायची नव्हती. बादल्या धुवायच्या नव्हत्या. एकोणीस पानी अर्जाची वाट बघायची नव्हती. 

पण वेळ कुठे होता? सहाला मंडळी येणार, सातला ट्रिस्टन परत जाणार. सांगायचं कसं, हा खरा प्रश्न होता. 'तुम्ही माझी बिअर ओतून देता' असं तोंडावर म्हटलं असतं तर लेनर्ड गाव सोडून गेला असता. मी बराच विचार केला. मग जिलियनला विचारलं, "माझ्या हर्नियाच्या वेळची ती घंटा कुठेय? उशाशी असायची ती?"

"तूच ठेवलीस," ती म्हणाली. "गाळण्यांच्या खणात."

बरोबर सहाला सातही जण आले. खुर्च्यांवर बसले. पातळ कोट, जड चेहरे. मी नेहमीसारखे ग्लास भरले नाहीत. जगमधल्या 'क्लॉफ्टन गोल्ड'कडे त्यांनी बघितलं. बेसिलने खुर्ची जाळीकडे जरा सरकवली. मी गॅरेजाच्या मधोमध, जाळीवर पाय रोवून उभा राहिलो आणि घंटा वाजवली.

"शेवटची ऑर्डर, मंडळी!" मी म्हणालो. "कोणाला हवी आहे?"

सहा वाजून चार मिनिटं झाली होती.  सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग लेनर्डने, त्या शूर माणसाने, हळूच मान हलवली. "मला नको, ट्रेव्हर. झालं माझं."

"माझंही," बेसिल म्हणाला.

"माझंही झालं," मी म्हणालो. "बंद. कायमचं. चला, गँडरला."

सात खुर्च्या एकदम मागे सरकल्या. इतक्या चपळाईने उठलेली ही माणसं मी चर्चला आग लागली होती तेव्हाही पाहिली नव्हती. रस्त्याने जाताना लेनर्ड माझ्या शेजारी चालत होता. तो म्हणाला, "पहिल्या शुक्रवारी आलो. दुसऱ्या शुक्रवारी नसतो आलो, तर तुला वाटलं असतं की पहिल्या शुक्रवारी आवडली नाही."

"आणि तिसऱ्या शुक्रवारी?"

"तिसऱ्या शुक्रवारी वाटलं, बाकीच्यांना आवडते आहे. मीच का वाईट दिसू?"

मागून पाच आवाज आले, "मलाही तसंच वाटलं!"

गँडरमध्ये ग्लेनिस बारमागे उभी होती आणि खिडकीजवळच्या आमच्या टेबलावर एकटा एक तिशीचा पोरगेला साहेब लॅपटॉप उघडून बसला होता. तो ट्रिस्टन. कोट अंगात, किल्ली हातात, निघायच्या बेतात. दार उघडून आम्ही आठजण आत शिरलो तेव्हा ग्लेनिसने आधी माझ्या हातांकडे बघितलं. हातात जग नव्हता. तिचे खांदे जे खाली आले, ते मी बघितलं.

"आठ पाइंट, ग्लेनिस," मी म्हणालो. "आणि पाई असतील तर पाई. आणि या साहेबांना एक."

"नको, मी निघतोय," ट्रिस्टन म्हणाला.

"पहिली पाळी माझी आहे," मी म्हणालो. "घ्या हो."

त्याने घेतला. आणि तिथे तो अडकला. पोरगा सूट घालत असला तरी आपल्याच देशात वाढलेला. कोणी आपल्यासाठी ग्लास आणला की आपली पाळी आल्याशिवाय उठता येत नाही, हे त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं. माझ्यानंतर लेनर्ड उठला, मग बेसिल, मग एकेक. त्याने अर्ध्या ग्लासावर जाऊन पाहिलं, लिंबूपाणी मागून पाहिलं. पण पाळी ती पाळी. आम्ही नऊ जण होतो आणि त्याचा नंबर नववा होता. आमच्या मागून गावातले इतरही आले. गॅरेज बंद झाल्याची बातमी रस्त्याने आमच्यापेक्षा जोरात धावली होती. आपल्यालाही आमंत्रण येईल या धास्तीने पाच शुक्रवार घरात बसलेले लोक बाहेर पडले होते. पाई संपल्या. ग्लेनिसने आणखी लावल्या. त्याही संपल्या.

नववी पाळी घेऊन ट्रिस्टन बारशी गेला तेव्हा त्याला ग्लेनिसपर्यंत पोचायला रांगेत उभं राहावं लागलं. तो रांगेतच लॅपटॉप उघडून काहीतरी खोडत होता. कोणीतरी त्याच्या पायावर उभं राहिलं आणि त्याने माफी मागितली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. करखात्याचं पत्र आलं, की एवढ्या उत्पादनासाठी आपल्या गॅरेजात रेल्वेचा फाटा आहे का. मी कळवलं की ब्रुअरी बंद झाली. काउन्सिलचा चौदावा प्रश्न मी दुरुस्त केला: 'शंभर टक्के.' मिसेस अडेयेमींनी उलट लिहिलं की माझ्या टाकीचा आराखडा त्यांना हवा आहे. ते पत्र मी चौकटीत लावलंय. उरलेल्या बाटल्या जिलियनने गोगलगायींसाठी बशांत ओतून वाफ्यांत ठेवल्या. गोगलगायींना बिअर आवडते, त्यात पडून मरतात, असं बागकामाच्या पुस्तकात आहे. रोज सकाळी बशा भरलेल्या आणि कोरड्या कडेला माग, यायचा एक आणि जायचा एक. कोबी तेवढी खाल्लेली असायची.

कंपनीचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं. गँडर तूर्त विकत नाहीत. वर्षाने पुन्हा बघू. एक वर्ष म्हणजे बावन्न शुक्रवार. आमच्या वयाला बरंच आहे. त्या संध्याकाळी मी जरा लवकर गेलो. बारमध्ये ग्लेनिस एकटीच होती. तिने न विचारता माझा ग्लास भरला आणि माझ्यापुढे ठेवला. मी खिशात हात घातला, तिने मान हलवली.

"ट्रेव्हर," ती म्हणाली, "त्या मंगळवारी मी तुमच्या दारात आले होते ना..."

मी वाट बघितली. ती ग्लास पुसत राहिली. ग्लास कोरडाच होता.

"गुलाबांबद्दल?" मी विचारलं.

तिने सुटकेचा श्वास टाकला. "हो," ती म्हणाली. "गुलाबांबद्दलच."